सुटे वचन, अखंड स्तोत्र

बायबलमधील वचने तोंडपाठ केल्याने विश्वास दृढ होतो, असे म्हणतात. पण पाठ नेमके काय करायचे? नव्या करारातील वचनांना आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 साली दिले. क्रमांकांमुळे वचन सापडणे सोपे झाले, तसे ते संदर्भातून उचलणेही.

22वे स्तोत्र घ्या. देवाने आपल्याला टाकले, या आक्रोशाने ते सुरू होते. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरचा येशू हाच आक्रोश करतो. तेवढेच वचन पाठ असलेल्याला तिथे फक्त निराशा ऐकू येईल. सगळी 31 वचने मुखोद्गत असतील, तर पुढचेही आठवते: वस्त्रांसाठी टाकलेल्या चिठ्ठ्या आणि 22व्या वचनापासूनची स्तुती. धृपद कानी पडताच अख्खा अभंग मनात उभा राहावा, तसे.

अर्थात, शेवटची स्तुती आधीचा आक्रोश पुसत नाही. तिथवर पोचायचे तर ती व्यथा स्वतःच्या तोंडाने म्हणावी लागते. निवडक दिलाशाची वचने नेमकी हीच वाट टाळतात. किती वचने पाठ आहेत, यापेक्षा एखादे स्तोत्र अखंड म्हणता येते का, हे विचारायला हवे.