वेगाचा आकडा काय सांगत नाही?

क्रिकेटचा सामना दाखवताना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक आकडा झळकतो: ताशी १४० किलोमीटर. मुले त्यावरून गोलंदाजांची प्रतवारी लावतात. विज्ञानाच्या दृष्टीने ही माहिती अपुरी आहे. हा वेग साधारणपणे चेंडू हातातून सुटतानाचा असतो. पुढे हवेच्या रोधामुळे आणि टप्पा पडल्यावर तो घटतो. मोजमापात किती त्रुटी संभवते, तेही पडद्यावर लिहिलेले नसते.

श्रीरामपूरच्या झहीर खानचे उदाहरण घेऊ. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या मायकेल हसीचा त्रिफळा त्याने उडवला, तो संथ ‘नकल बॉल’वर. हे तंत्र मूळचे बेसबॉलमधले. बोटे दुमडून चेंडू धरायचा. हात नेहमीच्याच वेगाने फिरतो, पण चेंडू मात्र कमी वेगाने आणि स्वतःभोवती फारसा न फिरता सुटतो. हाताकडे पाहून अंदाज बांधणारा फलंदाज फसतो.

किती फसतो? उदाहरणादाखल ताशी १४० आणि ११५ किलोमीटर वेगाचे दोन चेंडू घेऊ आणि हवेचा रोध तूर्त सोडून देऊ. दोन्ही टोकांच्या क्रीजमधले अंतर १७.६८ मीटर. पहिला चेंडू ते सुमारे ०.४५ सेकंदात कापतो, दुसरा ०.५५ सेकंदात. फरक जेमतेम एक दशांश सेकंदाचा, पण तेवढ्यात बॅट पुढे निघून गेलेली असते. शिवाय दोन्ही एकाच दिशेने सुटले, तर १४ मीटरांवर संथ चेंडू सुमारे ३० सेंटिमीटर अधिक खाली आलेला असतो. जपानचा बेसबॉलपटू हिदेओ नोमो १९९५ साली अमेरिकेत गाजला, तोही वेगवान चेंडूच्या जोडीला ऐन वेळी खाली जाणारा ‘फोर्क बॉल’ टाकून.

म्हणजे ११५ हा आकडा एकटा पाहिला तर सामान्य वाटेल. आधीच्या १४० च्या शेजारी ठेवला, तरच त्याचा अर्थ कळेल.

शिक्षकांना हे मैदानावर पडताळता येईल. १५ मीटर अंतर आखा, टप्पा न पाडता चेंडू टाकायला सांगा आणि बाजूने मोबाइलवर सेकंदाला ३० चित्रे घेणारे चित्रीकरण करा. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या चेंडूला २२-२३ चित्रे लागतील. मोजताना एका चित्राची चूक झाली, तर वेगात सुमारे ३ किलोमीटरचा फरक पडेल. तो फरकही मुलांना वेगाच्या आकड्यासमोर लिहायला लावा.