देखावा जुना होतो तेव्हा

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या 'ॲनिमल किंगडम'मध्ये आनंदपूर नावाचं एक गाव आहे. नकाशावर ते शोधून सापडणार नाही. भारत, नेपाळ आणि आग्नेय आशियातल्या तुकड्यांची जुळवाजुळव करून जो रोडी या कल्पक माणसाच्या चमूनं ते रचलं. रंगाचे पोपडे निघालेल्या भिंती, खाली उघड्या पडलेल्या विटा, हातानं रंगवलेल्या पाट्या, डोक्यावर तारांचं जंजाळ, भिंतीला टेकवलेली सायकल, दुकानात राजा-राणीची तसबीर. आपल्याकडून गेलेला माणूस तिथे दोन मिनिटं थबकतोच, कारण अशी गल्ली त्यानं कुठेतरी पाहिलेली असते. १९९९ साली हे गाव असलेला आशिया विभाग उघडला तेव्हाही पोपडे तसेच होते. ते मुद्दाम रंगवलेले, तडे मुद्दाम पाडलेले. त्यामुळे पुढच्या पंचवीस वर्षांच्या ऊन-पावसानं या गावाचं काही बिघडलं नाही. उलट शेवाळ आलं, वेली चढल्या, आणि गाव जास्तच खरं दिसू लागलं.

याच गावाच्या टोकाला हिमालय उभा आहे. 'एक्सपिडिशन एव्हरेस्ट' ही राइड २००६ साली सुरू झाली. डोंगराची उंची दोनशे फुटांच्या किंचित आत ठेवलेली, कारण त्यापुढे गेलं की विमानांसाठी शिखरावर लाल दिवा लावावा लागतो, आणि हिमशिखरावर लाल दिवा दिसला की संपलंच सगळं. इतका बारीक विचार! गाडी वर चढते, पुढचे रूळ उखडलेले दिसतात, गाडी उलटी अंधारात शिरते, आणि शेवटच्या उतारावर गुहेतून यती अंगावर झेपावतो. निदान पहिले काही महिने तो झेपावत होता. मग त्या अजस्र यंत्राची हालचाल थांबवावी लागली. तेव्हापासून तो जागच्या जागी उभा आहे आणि त्याच्यावर लुकलुकता प्रकाश टाकून हालचालीचा भास केला जातो. चाहत्यांनी त्याला 'डिस्को यती' म्हणायला सुरुवात केली, ते नाव आता चिकटलंय.

एकाच गावाच्या या दोन गती मला देखावे रचण्याच्या या कलेचा सगळा प्रश्न समोर मांडणाऱ्या वाटतात. थीम पार्कवरचं जवळजवळ सगळं कौतुक उद्घाटनाच्या महिन्यात लिहिलं जातं. रंग ओला असतो, नट उत्साहात असतात, प्रत्येक यंत्र चालू असतं. पण नाटकाचा प्रयोग रात्री संपतो, नेपथ्य उतरवलं जातं, ट्रकमध्ये भरलं जातं. इथलं नेपथ्य वीस-तीस वर्षं उन्हात उभं राहतं आणि त्याच्यासमोर रोज हजारो नवे प्रेक्षक येतात. म्हणून या कलेची समीक्षा दहाव्या वर्षी व्हायला हवी.

सगळ्यात लवकर म्हातारं होतं ते भविष्य. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्यातला 'टुमॉरोलँड' १९८६ सालचं जग दाखवणार होता. दोन वर्षांनी तिथे प्लॅस्टिकचं 'भविष्याचं घर' आलं. १९६७ मध्ये ते पाडायला घेतलं, तर पाडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून परत येऊ लागला. घर मजबूत होतं, त्यातलं भविष्य मात्र दहा वर्षांत शिळं झालं होतं. त्याच वर्षी सगळा विभाग नव्यानं बांधला, तोही जुना झाला. १९९८ मध्ये तांबूस-सोनेरी रंग देऊन भूतकाळानं पाहिलेलं भविष्य दाखवायचा प्रयत्न झाला, आणि काही वर्षांत तो रंगही पुसून पुन्हा पांढरा आला. 'पीपलमूव्हर' ही संथ, उंचावरून फिरवणारी गाडी १९९५ साली बंद पडली. तिच्याच मार्गावर आणलेली वेगवान 'रॉकेट रॉड्स' १९९८ ते २००० एवढीच टिकली. तो उंच मार्ग पुढेही लोकांच्या डोक्यावर रिकामाच राहिला. रिकामा मार्ग दिसला की भूल उतरते.

त्याच पार्कात, त्याच दिवशी उघडलेला 'जंगल क्रूझ' मात्र वयानं सुधारला. झाडांचं काम बिल इव्हान्सकडे होतं. पैसे कमी, वेळ त्याहून कमी. त्यानं संत्र्याची झाडं उलटी रोवून त्यांची मुळं आभाळाकडे केली, त्यावर वेली सोडल्या आणि उष्ण कटिबंधातल्या फांद्यांचा भास उभा केला. आज तिथे खरी दाट सावली आहे. या विभागात एक खजुराचं झाड १८९६ साली लावलेलं आहे, म्हणजे पार्कापेक्षा जवळजवळ साठ वर्षांनी मोठं. जागेचे मूळ मालक झाड तोडू नका म्हणाले, म्हणून ते राहिलं. कुठलाही नेपथ्यकार असं झाड बनवू शकला नसता.

गोष्टींवर बेतलेल्या विभागांकडे वळलं की हिशेब अवघड होतो. २०१० मध्ये ऑर्लंडोच्या युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरचं हॉग्समीड उघडलं, २०१४ मध्ये डायगन ॲली. ही दोन्ही ठिकाणं अजून चांगली टिकून आहेत असं माझं मत आहे, आणि कारण साधं आहे: तिथे दुकानदारी हाच गोष्टीचा भाग आहे. छडी विकत घेणं, बटरबिअर पिणं, गल्लीत रेंगाळणं हे पुस्तकातली मुलंही करतात. डायगन ॲलीच्या दारावर पाटीसुद्धा नाही. लंडनच्या घरांच्या रांगेतून विटांची भिंत ओलांडून आत जायचं. शिवाय पॉटरचं जग पुस्तकांत पूर्ण झालेलं आहे. उद्या कुठला तरी नवा भाग येऊन आजच्या गल्लीला खोटं पाडेल, अशी भीती कमी.

'स्टार वॉर्स'च्या गॅलॅक्सीज एजला नेमकं हेच नडलं. २०१९ साली कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात प्रत्येकी चौदा एकरांवर बाटू नावाच्या ग्रहावरचं एक बंदर बांधलं गेलं. शिल्पकाम अप्रतिम. कोकच्या बाटल्या गोल, पाट्या परग्रहाच्या लिपीत, कर्मचारी 'ब्राइट सन्स' म्हणून स्वागत करणारे, आणि चित्रपटातलं ओळखीचं संगीत मुद्दाम टाळलेलं. मात्र काळ ठरवला तो आठव्या आणि नवव्या चित्रपटाच्या मधला. म्हणजे लोक ज्यांना भेटायला आले ते डार्थ व्हेडर किंवा तरुण ल्यूक नियमानं तिथे असूच शकत नव्हते. आधी सांगितलं गेलं होतं की तुम्ही यान आपटलंत तर ती बातमी पुढे खानावळीपर्यंत पोचेल, तुमची कीर्ती तुमच्या मागोमाग फिरेल. तसं काही घडताना दिसलं नाही. नट थोडेच राहिले. बंदर सुंदर होतं, पण त्यात राहणारं कोणी नव्हतं. हे मला फार लागतं, कारण दगड घडवणाऱ्यांनी जीव ओतला होता. पुढे २०२२ मध्ये मँडलोरियन कॅलिफोर्नियात अवतरला, आणि २०२५ मध्ये तिथली काळाची अट सैल करून जुनी पात्रं आणि जॉन विल्यम्सचं संगीत आणण्याची घोषणा झाली. मला हा निर्णय योग्य वाटतो. जिथे राहणारी माणसंच मिळाली नाहीत, तिथे शुद्ध कालक्रमाचा हट्ट किती दिवस धरायचा?

नटांनी भरलेलं जग कसं असतं ते फ्लोरिडातल्या 'गॅलॅक्टिक स्टारक्रूझर' या दोन रात्रींच्या अनुभवानं दाखवलं होतं. तिथे प्रत्येक पाहुण्यासाठी गोष्ट वेगळी वळायची. दर मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेलं हे जहाज सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस बंद झालं. माणसं हा या धंद्यातला सगळ्यात महाग माल आहे, आणि खर्चाला कात्री लागते तेव्हा पहिली तिथेच लागते.

देखभालीला कात्री लावली नाही तर काय होतं, ते जपानमध्ये दिसतं. टोकियो डिस्नेसी २००१ साली उघडलं. ते चालवते ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी. तिथला ज्वालामुखी, बंदरातलं मिराकोस्टा हॉटेल, धक्क्याला लागलेली आगबोट हे सगळं आजही टवटवीत आहे, आणि या कलेचा अभ्यास करणारे लोक उदाहरण म्हणून तिकडेच बोट दाखवतात. रंग उडायच्या आत रंग लागतो. तरी तिथेही 'पोर्ट डिस्कव्हरी'त २०१७ मध्ये वादळ-संशोधनाची स्वतंत्र कल्पना काढून निमोची राइड आली, आणि त्या कोपऱ्याची स्वतःची गोष्ट थोडी विरली. देखभाल कितीही चोख असली, तरी ओळखीच्या पात्राचा मोह सुटत नाही.

आपल्याकडे खोपोलीला २०१३ साली इमॅजिका सुरू झालं तेव्हा हाच प्रश्न सह्याद्रीच्या पायथ्याशी आला. आपल्या कलावंतांचा हात गणपतीच्या हलत्या देखाव्यांत तयार झालेला, आणि तो देखावा दहा दिवसांचा असतो. घाटाखालच्या पावसात प्लॅस्टर आणि रंग वर्षानुवर्षं टिकवणं ही वेगळी विद्या आहे. तिला इथे अजून प्रतिष्ठा नाही. उद्घाटनाच्या फोटोत डिझायनर असतो, रात्री शिडीवर चढून भिंत रंगवणारा नसतो.

अमेरिकेतल्या मुलांकडे जाणारे कितीतरी मराठी आईबाबा ऑर्लंडोला नेले जातात. तुम्ही गेलात तर रांगेकडे धावण्याआधी आनंदपुराच्या भिंतींना नीट न्याहाळा, तसबिरी बघा. मग एव्हरेस्टवर जा. आणि बाहेर पडताना पाहुण्यांच्या कक्षात दोन ओळी जरूर लिहून या, की यती पुन्हा हलता करा.