संवेदकाचे प्रत्यक्ष आणि अनुमान

विज्ञानविषयक मराठी लेखनात पारिभाषिक संज्ञांची चर्चा पुष्कळ होते. वाक्यातील कर्ता व क्रियापद यांची चिकित्सा मात्र क्वचितच होते. ‘संवेदक कीटकनाशक ओळखतो’ हे विकराधिष्ठित संवेदकांविषयीचे रूढ विधान या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

१९६२ साली क्लार्क व लायन्स यांनी मांडलेल्या ग्लुकोजमापनाच्या पद्धतीत विकर ज्या पदार्थावर क्रिया करते, तोच मोजावयाचा असतो. कीटकनाशकांच्या संवेदकात हा क्रम उलटतो. विद्युत्-अग्रावर बसविलेले ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर ॲसिटिलथायोकोलिनचे विघटन करते; त्यातून निघालेल्या थायोकोलिनच्या ऑक्सिडीकरणाने प्रवाह मिळतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाने विकर जखडले की प्रवाह घटतो. म्हणजे यंत्रास विषाचे प्रत्यक्ष होत नाही. विकराच्या मंदावण्यावरून ते अनुमानिले जाते.

नैयायिकांच्या भाषेत येथील हेतू सव्यभिचारी ठरतो. कार्बामेट वर्गातील कीटकनाशके आणि काही जड धातूही हेच विकर मंदावतात. उलटपक्षी, क्लोरपायरीफॉस मूळ रूपात दुर्बल अवरोधक असून ऑक्सॉन रूपात तीव्र होते. धूर नसतानाही अग्नी बाळगणाऱ्या तप्त लोहगोलासारखी ही स्थिती होय. काही नॅनोमीटर आकाराचे सुवर्णकण विद्युत्-अग्राचा पृष्ठभाग वाढवितात व इलेक्ट्रॉनांचे वहन सुकर करतात. त्यामुळे अत्यल्प घटही मोजता येते. परंतु ती घट कोणामुळे झाली, हे सुवर्णकण सांगू शकत नाहीत. सूक्ष्मग्राहितेच्या स्तुतीत भेदकतेचा प्रश्न बुजून जातो, हा या लेखनाचा मुख्य दोष आहे.

यास शब्दच्छल म्हणता येणार नाही. चाकूरच्या परिसरात सोयाबीन-तुरीवर कीटकनाशक फवारण्यास ‘औषध मारणे’ म्हणतात. विषास औषध म्हणणाऱ्या व्यवहारात ‘यंत्राला काही आढळले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘माल निर्विष आहे’ असाच घेतला जाईल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. अशा प्रदेशात चुकीच्या क्रियापदाचे मोल भारी पडते.

म्हणून ‘नमुन्याने विकराचे कार्य इतके घटविले’ एवढेच विधान संवेदकाच्या नावे करावे. विषाचे नाव घेण्याचा अधिकार वर्णलेखनासारख्या पृथक्करणानंतरच प्राप्त होतो. मराठीत ‘ओळखतो’ व ‘सुचवितो’ ही दोन्ही क्रियापदे उपलब्ध आहेत. त्यांतील दुसरे येथे यथार्थ आहे.