जेरिकोचे घोडे चुकले, मग चेहऱ्यांचं काय?

फ्रेंच चित्रकार थिओदोर जेरिकोचं ‘एप्समची डर्बी’ (१८२१) हे चित्र शोधा आणि फक्त घोड्यांचे पाय बघा. चारही घोड्यांचे पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे. एकही टाप जमिनीवर नाही. १८७८ मध्ये माइब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने १२ कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो काढले. त्यात दिसलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे जेरिकोचे घोडे तसे धावूच शकत नाहीत.

शिल्पकार रोदँने जेरिकोची बाजू घेतली. त्याचं म्हणणं, कॅमेरा वेळ थांबवतो. चित्रकार वेगवेगळे क्षण एकत्र आणतो, म्हणून चित्रच जास्त खरं. मला हे अर्धंच पटतं. काळवंडलेल्या आभाळाखाली वेग जाणवतो, मान्य. पण क्षण वेगवेगळे असतील तर चारही घोड्यांचे पाय जवळपास सारखेच कसे? खरं तर ही पोज इंग्लंडमधल्या शर्यतीच्या चित्रांत आधीपासून रूढ होती. सेकंदाला दोनाहून जास्त ढांगा पडतात. पाय नेमके कुठे आहेत हे डोळ्याला टिपता येत नाही. तिथे जेरिकोने सवयीच्या साच्यावर भरवसा ठेवला.

आता त्याच जेरिकोची पोर्ट्रेट्स बघा. जॉर्जे नावाच्या डॉक्टरशी जोडली जाणारी, मनोरुग्णांची पाच पोर्ट्रेट्स प्रसिद्ध आहेत. त्यातलं एक जुगाराचं वेड असलेल्या बाईचं आहे, आणि तेही डर्बीसारखंच लूव्ह्रमध्ये आहे. पांढरं डोकं बांधलेली, कुबडी घेतलेली म्हातारी, नजर कुठेतरी हरवलेली. शीर्षक झाकून बघा: यात ‘जुगार’ कुठे दिसतो? मला तरी दिसत नाही. दिसते ती थकलेली एक बाई.

‘मोनोमेनिया’ म्हणजे बाकी शाबूत मनात एकच वेड, हे तेव्हाचं निदान. आज ते कोणी वापरत नाही. पण चित्र शिळं झालं नाही, कारण इथे जेरिकोने लेबल रंगवलं नाही, समोरचं माणूस रंगवलं.

म्हणून जुनं चित्र पुरावा म्हणून वापरताना ‘हा चित्रकार अचूक होता का?’ हा प्रश्न पुरत नाही. ‘या ठिकाणी त्याला खरंच काय दिसू शकत होतं?’ हेही विचारायला हवं.