देवाचे हात घरातलेच

आमच्या पिढीला ग्रीक देव भेटले ते बहुतेक प्लेस्टेशनवर किंवा मोबाइलवर. 'गॉड ऑफ वॉर' खेळलेल्या कुणालाही क्रेटॉस माहीत असतो. युद्धदेव एरिस त्याला फसवतो आणि त्याच्याच हातून त्याची बायको-मुलगी मारवतो. गेमवाल्यांनी ही कल्पना हवेतून काढलेली नाही. युरिपिडीसच्या नाटकात हेरा हेराक्लीसला वेड लावते आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा बायकामुलांची प्रेतं समोर असतात. ग्रीक कथांमध्ये वीज टाकणारा झ्यूस आहे, बाण मारणारा अपोलो आहे. पण देवांचा खरा दरारा जाणवतो तो या दुसऱ्या प्रकारात. देव स्वतः बोटही लावत नाही, काम करतात ते घरातलेच हात.

हे सगळ्यात निष्ठुरपणे दिसतं युरिपिडीसच्याच 'बाखाय' या नाटकात. इसवी सनापूर्वी ४०५ च्या सुमाराला, लेखक गेल्यानंतर, ते अथेन्समध्ये झालं. देव डायोनिसस थीब्ज शहरात माणसाच्या रूपात येतो. त्याची आई सेमेली याच राजघराण्यातली. तिचं मूल झ्यूसचं आहे हे तिच्या सख्ख्या बहिणींनी मानलं नव्हतं. आताचा राजा पेन्थियस म्हणजे त्यातल्याच एका बहिणीचा, अगावेचा, मुलगा. थोडक्यात, भांडण भाऊबंदकीचं आहे, फक्त एक भाऊ देव आहे. तो शहरातल्या बायकांना वेड लावून डोंगरावर नेतो. पेन्थियसला ते चोरून बघायचं असतं. मग देव त्याला बाईचे कपडे नेसवतो. आत्तापर्यंत तोऱ्यात असलेला राजा झगा नीट पडलाय का विचारतो, आणि देव स्वतःच्या हातानं त्याची सुटलेली बट सारखी करतो. इतकी शांत आणि इतकी भयंकर जागा मी दुसऱ्या नाटकात वाचलेली नाही. पुढे डोंगरावर बायका त्याला फाडतात. सगळ्यात पुढे त्याची आई असते. सिंहाचं मुंडकं आणलंय अशा समजुतीत ती मुलाचं डोकं हातात घेऊन मिरवत घरी येते.

हे वाचताना कोल्हापूरच्या माणसाला सौंदत्ती आठवणारच. रेणुकेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. नदीवर जलक्रीडा करणारा राजा दिसतो, मन क्षणभर हलतं, जमदग्नीला ते कळतं. तो मुलांना आईचं डोकं उडवायला सांगतो. महाभारतातल्या कथेत थोरले चौघं ऐकत नाहीत, म्हणून शाप मिळून त्यांची जाणीव जाते. धाकटा परशुराम ऐकतो. तिकडे आईनं मुलाचं डोकं आणलं, इकडे मुलानं आईचं उडवलं. दोन्हीकडे राग वरचा आणि हात घरातला.

दोन्ही गोष्टींत नंतर काय होतं, तिथे मात्र वाटा अगदी वेगळ्या होतात. जमदग्नी खूश होऊन वर देतो, तेव्हा परशुराम आई जिवंत व्हावी असं मागतो, आणि झालेल्या वधाची आठवण राहू नये असंही मागतो. मला हा दुसरा वर पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. आई परत आली, पण झालं ते पुसलं गेलं. घर पुन्हा सुरळीत. 'बाखाय'मध्ये म्हातारा कॅडमस नेमकं उलट करतो. तो लेकीला आधी आकाशाकडे बघायला लावतो. मग विचारतो, तू कुठल्या घरात नांदायला गेलीस? तुला मुलगा कोण झाला? आणि आता हातात कुणाचं डोकं आहे? एकेका प्रश्नानं तिची धुंदी उतरते. देवाचा अन्याय मिटवता येत नाही, पण तो कुणाच्या हातून झाला हे ती माउली बघते. नाटकातले देव सुधारत नाहीत. कॅडमस म्हणतो की देवांनी रागात तरी माणसांसारखं वागू नये, त्यावर डायोनिससकडे धड उत्तर नसतं.

रेणुका पुढे यल्लम्मा झाली. जिचा स्वतःचा बळी गेला तीच बळी मागणारी देवी मानली गेली, ही आपल्या कथेची गुंतागुंत ग्रीकांकडे मला सापडली नाही. शिवाय ही देवी दुःखी आहे. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला ती विधवा होते, बांगड्या फुटतात. माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा सवाष्ण होते. मार्गशीर्षात कोल्हापुरातून एसटी भरभरून सौंदत्तीला जातात, भंडाऱ्यानं कपाळं पिवळी होतात, आणि परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा होते. आंबील, भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात. ज्या बाईला घरात नवऱ्याबद्दल, नशिबाबद्दल चार शब्द बोलता येत नाहीत, ती देवीच्या वैधव्यासाठी मोकळेपणी रडते. देवाची सत्ता म्हणजे नुसती भीती असं मानणाऱ्या समीक्षेला हे रडणं दिसत नाही.

पण त्याच देवीच्या नावानं मुलीबाळी सोडल्या गेल्या, हेही याच भागातलं. केसांत जट आली की देवीचं बोलावणं. घरात आजारपण आलं, म्हैस मेली, की देवीचा कोप. गळ्यात मण्यांचं दर्शन बांधलं की लग्न संपलं, डोक्यावर जग घेऊन जोगवा मागत फिरायचं. मुलगा असेल तर त्याला साडी नेसवायची. शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात याविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्याचा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. एकाच गोष्टीवर इतके कायदे करावे लागले, यावरूनच काय ते समजावं. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली, तीही जिल्ह्याबाहेरच्या कित्येकांना माहीत नसते.

राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९) या जगातला. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा त्यामागे आहेत. देवीला सोडलेली सुली आणि साडी नेसावी लागलेला तायाप्पा यांची ही गोष्ट. तायाप्पाच्या आणि पेन्थियसच्या साडी-झग्यात वरवर साम्य आहे, पण मला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. 'बाखाय'च्या पहिल्याच भाषणात डायोनिसस प्रेक्षकांना सांगतो, मी देव आहे आणि सूड घ्यायला आलोय. पेन्थियसला ठाऊक नाही, आपल्याला आहे. 'इलियड'मध्ये साथ का आली हे काल्खास नावाचा भविष्यवेत्ता सांगतो, पण तो खरं बोलतोय याची शंका नको, कारण अपोलो धनुष्य घेऊन उतरताना होमरनं आधीच दाखवलाय. 'जोगवा'त देवी कधीच येत नाही. ती काही मागत नाही, काही बोलत नाही. बोलतात ते गाव, घर आणि आधीपासून जग घेतलेले लोक. नोकरीत आम्ही बिघाड झाला की आधी लॉग उघडतो आणि हुकूम कुठून आला ते शोधतो. इथे लॉगमध्ये देवीच्या नावानं एकही ओळ नाही. जट म्हणजे न धुतलेल्या, न विंचरलेल्या केसांचा गुंता. अंनिसचे कार्यकर्ते तो कात्रीनं कापतात आणि कोप होत नाही. चित्रपटाचं मोठेपण या रिकाम्या जागेत आहे. एकही भाषण न देता तो दाखवतो की सत्ता देवाची म्हणून चालते, पण चालवणारे आपणच असतो. उपेंद्र लिमयेचं काम तर शरीरातून आलेलं आहे. त्याच्या चालण्यात आधी लाज दिसते, मग सवय. ती सवय जास्त लागते.

माझी तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. सुटका होते ती प्रेमातून. 'जीव रंगला' इतकं सुंदर आहे की आज ते प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओला लावलेलं असतं, आणि ज्यांना लग्नाची बंदी होती त्यांचं ते गाणं आहे याची आठवणही उरलेली नाही. परशुरामाचा दुसरा वर पुन्हा फळला म्हणायचं. यात गाण्याचा दोष नाही. पण कॅमेरा त्या दोघांबरोबर चालू लागतो आणि ज्यांनी त्यांना सोडलं त्यांच्या अंगणात थांबत नाही. तिथे कॅडमस हवा होता. आणि जिला तायाप्पा भेटला नाही त्या जोगतिणीनं काय करायचं?

दुसरी अडचण साडीची. चित्रपटात ती शिक्षा आहे, आणि तायाप्पापुरतं ते खरंच आहे. पण यल्लम्माच्या परिवारात असे कित्येक आहेत ज्यांना साडी हवीच होती. गावात, घरात, शाळेत जिथे जागा नव्हती तिथे देवीनं दिली. ग्रीकांकडे टायरेसियस आहे, सात वर्षं बाई झालेला, पण त्याची गोष्ट मजेदार वादापुरती राहते. आपल्याकडे हा जगण्याचा प्रश्न आहे, आणि 'जोगवा' तो विचारात घेत नाही.

कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती यांचं आयुष्य इथे दोन्ही बाजूंना चिमटा काढतं. घरच्यांनीच त्यांना किशोरवयात होस्पेटजवळच्या हुलिगेम्माच्या देवळात दीक्षा दिली. मग तेच घर परकं झालं. भीक मागितली, जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढे काळव्वा जोगती यांच्याकडे जोगतीनृत्य शिकल्या आणि कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे बाहेर काढलं तेही देवीच्या नावानं, आणि उभं केलं तेही. २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला त्या गेल्या, तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. राष्ट्रपतींसमोर पोचल्यावर त्यांनी पदर हातात घेतला, राष्ट्रपतींची दृष्ट काढल्यासारखा ओवाळला, आणि मगच पुरस्कार घेतला.