सरांची लकब

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी 'आमचे सर, आमच्या बाई' या विषयावर लेख मागवले होते. संपादनाचं काम माझ्या गळ्यात पडलं. एरवी अशा आवाहनाला चार लेख आणि तीन पाककृती येतात. या वेळी बावीस लेख आले! कॉलेजातले प्राध्यापक हा आपल्या सगळ्यांचाच हळवा कोपरा आहे, हे तेव्हा ध्यानात आलं.

बेसमेंटमध्ये बसून मी ते बावीस लेख वाचून काढले. भरपूर हसलो. एक सर कपाळावर चष्मा ठेवून खिशात चष्मा शोधत. दुसरे तासाला चाळीस वेळा 'यू सी' म्हणत आणि मागच्या बाकावर त्याचा हिशेब ठेवला जाई. तिसरे डोळे मिटून हजेरी घेत आणि खोटी हजेरी लावणाऱ्याला बरोबर आवाजावरून पकडत. मात्र पंधराव्या लेखाच्या आसपास माझा गोंधळ व्हायला लागला. चष्मा रसायनशास्त्राचा की अर्थशास्त्राचा, काही आठवेना. सरांची अदलाबदल केली असती तरी लेखांना धक्का लागला नसता. हे सर शिकवायचे काय, हा साधा प्रश्न मी मनाशी विचारला. बहुतेक लेखांत विषयाच्या नावापलीकडे उत्तर नव्हतं.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. त्या बावीस लेखांतला एक माझाच होता.

आपण हे शिकलो कुठून, हे सांगायला नकोच. पु. ल. देशपांड्यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली आलं, आणि भारतातून आलेल्या पहिल्या सुटकेसमध्ये ते नव्हतं असं मराठी घर इथे क्वचितच सापडेल. त्यातले चितळे मास्तर शाळेतले, पण आपल्या प्रत्येक प्राध्यापकाचं चित्र आपण त्यांच्यावरूनच गिरवतो. गिरवताना आपण गंमत तेवढी उचलतो. पुलंनी मास्तरांच्या बोलण्याची ढब दिली, विनोद दिले, आणि त्याचबरोबर त्यांच्या झिजलेल्या चपलाही दिल्या. या चपला म्हणजे नुसती लकब नव्हे. मास्तर पोरांसाठी आयुष्यभर जे चालले, त्याचा तो पुरावा आहे. म्हणून ते चित्र वाचताना आपण हसतो आणि शेवटी गप्प होतो. आपल्या लेखांत चपला असतात, त्या कशानं झिजल्या ते नसतं.

बाईंच्या बाबतीत तर आपण आणखीच कमी पडतो. बावीसांत बाईंवर लेख तीन, आणि तिन्हींची सुरुवात साडीपासून! आपल्याकडचं थोर उदाहरण इरावती कर्व्यांचं. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांचं नाव निघालं की पुणेकर आधी त्यांची स्कूटर काढतात. स्कूटर चालवणारी बाई ही त्या काळात नवलाची गोष्ट होती, हे खरंच. पण याच बाई १९२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. कवटीच्या आकारावरून वंशाची श्रेष्ठता ठरते, असं त्या गुरूचं मत होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापातून ते सिद्ध होत नाही असं आपल्या प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, वयाच्या पंचविशीत, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच विरुद्ध! पुढे 'युगान्त' (१९६७) मध्ये भीष्म-द्रौपदीची भीड न ठेवणारी लेखणी आपल्याला भेटते ती हीच. ही गोष्ट माहीत असली की स्कूटरलाही अर्थ येतो. ती नसेल तर स्कूटर हे नुसतं वाहन.

दुसऱ्या टोकाला भालचंद्र नेमाडे आहेत. 'बिढार' (१९७५) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक. एका गावाहून दुसऱ्या गावाच्या कॉलेजात बिढार हलवत फिरणारा. संस्थाचालकांची मर्जी, स्टाफरूममधली जातीची गणितं, भाड्याची खोली, हे सगळं तिथे आहे. बाकावरून दिसत नाही ते प्राध्यापकाचं आयुष्य नेमाडे खुर्चीच्या बाजूनं दाखवतात. प्रेमानं लिहिणाऱ्याला ही पुस्तकं कडवट वाटतील, मलाही पूर्वी वाटली. आता वाटतं, आपल्या सरांवर लिहायला बसण्याआधी प्रत्येकानं ती एकदा वाचावीत. सर तोच कोट रोज घालत, याला आपण विक्षिप्तपणा म्हणालो. कदाचित दुसरा कोट नसेल.

आता माझी कबुली. माझ्या लेखातले सर आम्हाला इंजिनियरिंगला 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स' शिकवत. त्यांची लकब अशी की ते तासाला दोन-तीन खडू मोडत, तुकडे कोटाच्या खिशात टाकत, आणि तो पांढरा झालेला कोट घालूनच गावभर फिरत. पॉटलकला मी त्यांची नक्कल करतो. हुकमी हशा मिळतो. लेखही तसाच उतरला होता.

स्मरणिका निघाल्यावर सरांच्या मुलीची ई-मेल आली. तिला कुणीतरी लेख पाठवला होता. तिनं लिहिलं होतं, "लेख वाचून आई खूप हसली. बाबा असते तर तेही हसले असते. कॉलेजात खडू मोजून मिळत. ते तुकडे संध्याकाळच्या वर्गासाठी असत. तो वर्ग तुम्हाला आठवत असेल."

आठवत होता. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी सर संध्याकाळी एका रिकाम्या खोलीत तोच धडा पुन्हा मराठीतून शिकवत. पैसे घेत नसत. पहिलं वर्षभर मी त्या वर्गात होतो. लेखात मी ते लिहिलं नाही. जागा नव्हती म्हणून नव्हे. मला इंग्रजी समजत नव्हतं, हे इथल्या चारचौघांत सांगायची लाज वाटली. खडूवर हसवणं सोपं होतं.

आणि खडू तरी सर का मोडत? ते एक खडू वाकवून मोडत आणि एक पिळून. वाकवलेला सरळ तुटतो. पिळलेल्याची फट तिरकी, पंचेचाळीस अंशांत फिरत जाते. ठिसूळ वस्तू ताणाला हार खाते, आणि ताण कोणत्या दिशेनं आहे हे ती तुटताना दाखवून देते. सगळा धडा त्या दोन तुकड्यांत होता! "आधी तुळई कशी वाकेल ते काढा, आकडे मग," असं ते म्हणत. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईत ताण खाली, म्हणून मुख्य सळया खाली. भिंतीतून पुढे आलेल्या सज्जात ताण वर, म्हणून सळया वर. तिथे चूक झाली तर सज्जा माणसांसकट खाली येतो. आजही ऑफिसात कॉम्प्युटरचं उत्तर बघण्याआधी मी कागदावर पेन्सिलीनं एक वाकडी रेघ काढतो. ती रेघ सरांची आहे. चाळीस वर्षं माझं घर तिच्यावर चाललं, आणि लेखात ती नव्हती.

म्हणजे लकबी लिहूच नयेत का? लिहाव्यात, जरूर लिहाव्यात. लकबीवाचून माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही. फक्त ती कुठून आली, एवढं एकदा विचारावं. माझ्या सरांची लकब त्यांच्या शिकवण्यातून आली होती. मी शिकवणं गाळलं आणि खडूची पूड तेवढी ठेवली.

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी सगळ्या लेखकांना एक परिच्छेद वाढवून मागितला: सरांनी शिकवलेली एक गोष्ट, जी आज तुमच्याजवळ आहे. नऊ जणांनी पाठवला. एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "दोन रात्री आठवतोय हो, चष्म्याशिवाय काहीच आठवत नाही." आवाज जरा ओला वाटला. मी म्हटलं, "मग तेच लिहा."

त्यांचा लेख यंदा पहिला छापतो आहोत. दुसरा माझा. या खेपेला त्यात संध्याकाळचा वर्ग आहे.