वीस महिन्यांतले दोन आंबेडकर

भांडवलशाही श्रेष्ठ की समाजवाद, हा वाद आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो : कारखाना कोणाचा, शेटजींचा की सरकारचा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९४७ मध्ये संविधान सभेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेले ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन वाचताना जाणवते, की त्यांचा प्रश्न वेगळा होता : हुकूम कोणाचा चालतो आणि तो न मानणाऱ्याचे काय होते?

निवेदनातली योजना आजही धाडसी वाटते. मूलभूत उद्योग राज्याचे. विमा ही राज्याची मक्तेदारी. शेती हाही राज्याचा उद्योग. मालकांना कर्जरोखे देऊन जमीन राज्याने घ्यायची, जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कुळे म्हणून द्यायची आणि त्यांनी ती सामुदायिकपणे कसायची. बैल, अवजारे, खत, बियाणे, पाणी यांची तजवीज राज्याकडे. ना जमीनदार उरणार, ना भूमिहीन मजूर.

यामागचा युक्तिवाद केवळ उत्पादनवाढीचा नाही. बेकाराला कसलीशी नोकरी देऊ केली आणि बदल्यात संघटनेचा, भाषणाचा हक्क सोडायला सांगितले, तर तो हक्कच सोडील, हे बाबासाहेब दाखवून देतात. राज्याने अंग काढून घेतले की उरते ते जमीनदाराचे खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराचे कामाचे तास वाढवण्याचे स्वातंत्र्य. मात्र त्यांना हुकूमशाहीही नको होती. म्हणून संसदीय लोकशाही ठेवून समाजवाद थेट संविधानातच लिहावा, म्हणजे उद्याच्या बहुमताला तो मोडता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

आता १५ नोव्हेंबर १९४८ चा दिवस पाहा. के. टी. शहा यांनी संविधानाच्या पहिल्याच कलमात ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. तिला विरोध केला तो बाबासाहेबांनी. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनीच ठरवावे, संविधानाने ते आधीच ठरवून टाकणे म्हणजे लोकशाही मोडणे, असे त्यांनी सांगितले.

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचे हात बांधलेले होते, हे उत्तर मला अपुरे वाटते. विसंगती खरी आहे, आणि ती झाकण्यापेक्षा वाचणे अधिक आदराचे आहे. १९४७ मध्ये भीती होती ती बहुमत मजुराचे संरक्षण काढून घेईल याची. १९४८ मध्ये भीती होती ती एक पिढी पुढच्या पिढीचे हात बांधील याची. दोन्ही भीती रास्त होत्या.

मूळ योजनेतही एक गाठ सुटत नाही. याच निवेदनात सवर्णांच्या हातातील प्रशासनाविषयी खोल अविश्वास आहे, आणि जमीन, बी, पाणी मात्र त्याच प्रशासनाच्या हाती जायचे आहे. जमीनदाराविरुद्ध कूळ सरकारकडे दाद मागू शकते. सरकारच जमीनदार झाले, तर दाद कोणाकडे मागायची? न्यायालयाकडे, असे उत्तर असू शकते. पण गावातल्या भूमिहीनाला न्यायालय किती दूर असते, हे बाबासाहेबांइतके कोणाला ठाऊक होते?

‘समाजवादी’ हा शब्द १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आला. जमिनीची योजना मात्र निवेदनातच राहिली. यापुढे दोन व्यवस्थांची तुलना करताना मालकीचा कागद पाहावाच. पण त्याआधी, तिथे राबणाऱ्याला ‘नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशीही पोटभर जेवता येते का, हे विचारावे.